गुडघा किती वाकवावा?

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या राजाला किंवा राजघराण्यातील कोणालाही भेटताना अमुकच रीतीने वागले पाहिजे अशी कोणतीही सक्ती नाही, असे खुद्द राजघराण्यानेच जाहीरपणे सांगून ठेवले आहे. त्याच सूचनेत पुढे असेही म्हटले आहे की, ज्यांना जुनी रीत पाळावीशी वाटते त्यांपैकी पुरुषांनी मान किंचित लववावी आणि स्त्रियांनी छोटीशी कर्टसी करावी. बाकीच्यांनी नेहमीसारखे हस्तांदोलन केले तरी चालते. कर्टसी करताना एक पाऊल दुसऱ्या पायाच्या मागे न्यायचे, पाठ ताठ ठेवायची, गुडघे वाकवून थोडे खाली जायचे आणि तोल न जाऊ देता पुन्हा वर यायचे. समोरून हात पुढे आला असेल, तर हे सारे तो हात हातात असतानाच उरकायचे. ऐकायला हे सोपे वाटते, पण कॅमेऱ्यांच्या समोर करायची वेळ आली की भल्याभल्यांची तारांबळ उडते.

ही आदराची खूण आहे की लाचारीची, हा वाद ब्रिटनमध्ये आणि ब्रिटनचा राजा आजही ज्यांचा राष्ट्रप्रमुख आहे अशा ऑस्ट्रेलियासारख्या देशांत अधूनमधून पेटतो. गुडघा किती वाकला यावरून त्याचे उत्तर मिळेल असे मला वाटत नाही. जो वाकला नाही त्याचे पुढे काय झाले, हे आधी विचारले पाहिजे, आणि ते विचारायचे तर इंग्लंडच्या आधी दिल्लीला जावे लागते.

12 डिसेंबर 1911 रोजी दिल्लीत पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांचा दरबार भरला होता. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी एकामागून एक पुढे यायचे, सिंहासनासमोर लवून मुजरा करायचा आणि सम्राटांना पाठ न दाखवता मागे सरकत जायचे, असा शिरस्ता ठरलेला होता. मानाच्या क्रमात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अगदी वरच्या जागी होते, कारण त्यांना 21 तोफांच्या सलामीचा मान होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मून दत्तकविधानाने गादीवर आलेला हा राजा, इतर राजेरजवाडे हिऱ्यामाणकांनी मढून आलेले असताना, साध्या पांढऱ्या पोशाखात आणि हातात काठी घेऊन पुढे आला. त्याने एकदाच मान लववली आणि थोडे मागे सरकून सरळ पाठ फिरवली.

एवढ्यावरून गहजब झाला. त्या प्रसंगाचे चलच्चित्र लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवले गेले आणि महाराजांनी नेमकी कोणत्या क्षणी पाठ फिरवली याची चर्चा तिथल्या वृत्तपत्रांत रंगली. अरविंद घोष पूर्वी बडोद्याच्या नोकरीत होते, राज्यात क्रांतिकारकांना आसरा मिळतो असा सरकारला संशय होता, आणि त्या सगळ्या संशयाला आता दोन-चार पावलांचा पुरावा सापडल्यासारखे झाले. सयाजीरावांना व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्याकडे लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली. एवढ्या मोठ्या समुदायापुढे आपण गोंधळून गेलो, अनादराचा हेतू नव्हता, असा तिचा आशय होता. ते खरोखरच गोंधळले होते की त्यांनी हे जाणूनबुजून केले, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. माझ्या मते आपल्या प्रश्नापुरते ते महत्त्वाचेही नाही. पाठ फिरवण्याची किंमत आपल्या गादीने मोजावी लागेल अशी धास्ती ज्या दरबारात होती, तिथे ज्यांनी नियमाप्रमाणे मुजरा केला त्यांच्याही मुजऱ्यातला आदर किती आणि भीती किती, हे कोणालाच सांगता आले नसते. सक्ती केली की खरा आदरसुद्धा ओळखू येईनासा होतो, आणि यात तो आदर घेणाऱ्याचेही नुकसान होतेच.

त्या दरबारात सम्राटांच्या शेजारी बसलेल्या राणी मेरी पुढे दीर्घायुषी झाल्या. फेब्रुवारी 1952 मध्ये त्यांचा मुलगा सहावा जॉर्ज वारला आणि 25 वर्षांची नात एलिझाबेथ राणी झाली, तेव्हा 84 वर्षांच्या या आजीबाई नव्या राणीला वंदन करून तिच्या हाताचे चुंबन घ्यायला स्वतः गेल्या. आपल्या घरांत नात वाकते आणि आजी पाठीवरून हात फिरवते; इथे शोकाच्या घरात आजीनेच नातीपुढे वाकायचे. मात्र राणी मेरींना यात कमीपणा वाटला असण्याची शक्यता फारच थोडी. त्यांच्या लेखी समोर नात उभीच नव्हती, राजपद उभे होते.

कर्टसीच्या बाजूने आजही हाच युक्तिवाद केला जातो. माणसापुढे कोणी वाकत नाही, पदापुढे वाकतात, आणि ते पद म्हणजे देश. मला हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा वाटत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये एलिझाबेथ राणीची शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवली होती, तेव्हा सुमारे अडीच लाख लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून तिथवर पोहोचले. कोणी मान लववली, कोणी क्रूसाची खूण केली, माजी सैनिकांनी सलाम ठोकला, कित्येक बायकांनी कर्टसी केली, आणि काही जण नुसते क्षणभर थांबून पुढे गेले. पहारेकऱ्यांनी कोणालाही हटकले नाही. याला लाचारी म्हणणे हा त्या लोकांवर अन्याय होईल.

पण पदाचा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो शेवटपर्यंत पाळावा लागतो. ज्यांच्याकडे पदच नाही अशा चुलत-मावस राजपुत्रांपुढे मग कशासाठी वाकायचे? विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर खेळाडू येता-जाता राजघराण्याच्या कक्षाकडे वळून लवत किंवा कर्टसी करत असत. 2003 साली ही प्रथा बंद झाली आणि ती केवळ राणी किंवा युवराज उपस्थित असतील तेव्हापुरती उरली. बंद करवली कोणी, तर विम्बल्डन स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष आणि राणीचे चुलतभाऊ ड्यूक ऑफ केंट यांनी, म्हणजे ज्यांच्यापुढे इतकी वर्षे खेळाडू वाकत होते त्यांनीच. हे शहाणपण राजकारण्यांना सुचले नाही. ऑगस्ट 2018 मध्ये फ्रान्समधल्या अमियाँ येथे पहिल्या महायुद्धातील लढाईच्या शताब्दीचा कार्यक्रम होता; तिथे लोकांनी निवडून दिलेल्या पंतप्रधान थेरेसा मे 36 वर्षांच्या राजपुत्र विल्यमपुढे इतक्या खोल वाकल्या की त्या छायाचित्रांची खूप टिंगल झाली. टिंगल मला आवडली नाही, पण ते वाकणेही आवडले नाही. विल्यम तेव्हा राजाही नव्हते आणि युवराजही नव्हते.

आणि जे मला सर्वांत जास्त खटकते त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पुरुषाने मान लववली की काम भागते, स्त्रीने मात्र गुडघे वाकवून खाली गेले पाहिजे. पद एकच असताना आदराची मापे दोन का? 1958 पर्यंत तर दरवर्षी उच्चभ्रू घरांतल्या उपवर मुली राजवाड्यात सादर केल्या जात आणि त्यासाठी खोल कर्टसीच्या रीतसर शिकवण्या घेत. ती प्रथा एलिझाबेथ राणीच्या काळात बंद झाली, फरक मात्र उरला. ऑक्टोबर 2011 मध्ये राणी कॅनबेराला उतरल्या तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी कर्टसी न करता मान लववून हस्तांदोलन केले, आणि त्यावर वृत्तपत्रांतून उलटसुलट चर्चा झाली. जे सहज वाटेल ते करावे असे आपल्याला सांगण्यात आले होते, एवढेच त्यांचे उत्तर होते. पुरुष पंतप्रधानाने नेमके हेच केले असते तर त्याची बातमीच झाली नसती. गिलार्ड यांना दंड झाला नाही, माफीनामा लिहावा लागला नाही, हे 1911 च्या मानाने बरेच झाले. पण ज्या निवडीचा प्रत्येक वेळी जाहीर हिशेब द्यावा लागतो ती निवड पुरती मोकळी नसते.

म्हणून राजघराण्याच्या त्या सूचनेतली सक्ती नसल्याची ओळ मला पुरेशी वाटत नाही. पुरुषांनी काय करावे आणि स्त्रियांनी काय करावे ही विभागणी काढून टाकली तर सूचना एका वाक्याने लहानही होईल. ज्यांना कर्टसी करायची आहे त्यांनी ती खुशाल करावी, मग ते पुरुष असले तरी. आपल्यापैकी कोणावर प्रसंग आलाच, तर दोन्ही हात जोडावेत. मार्च 2020 मध्ये, करोनाची साथ पसरू लागली तेव्हा, लंडनच्या एका समारंभात तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी सवयीने हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन समोरच्याला हात जोडून नमस्कार केलाच होता.