आजचा स्पर्म काउंट तीन महिन्यांपूर्वीचा असतो

नमस्कार मंडळी. आजचा विषय आपल्याकडं पारावरही निघत नाही आणि तालमीतही. लग्नाला दोन वर्षं झाली, तीन झाली, दिवस राहत नाहीत. मग बाईची फाईल सुरू होते. सोनोग्राफी, रक्त, गर्भनलिकांचा एक्स-रे, सांगलीत एक डॉक्टर, मिरजेला दुसरा. अशी जाडजूड फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या बायका मी लॅबमध्ये कायम बघतो. त्या फाईलमध्ये नवऱ्याच्या नावाचा एक कागद नसतो. नवरा खाली गाडीपाशी उभा असतो.

मला याचा फार त्रास होतो, म्हणून सरळच बोलतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. आणि पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आहे, वीर्य तपासणी. सुई नाही, भूल नाही.

हा रिपोर्टचा कोरा नमुना बघा. पहिल्यांदा वीर्याचं एकूण प्रमाण, १.४ मिली किंवा जास्त. मग काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, एका मिलीत किमान १ कोटी ६० लाख. मग हालचाल, शंभरातले ४२ तरी हलणारे आणि त्यातले ३० पुढं सरकणारे. शेवटी आकार. इथं ४ टक्के वाचून माणसं घाबरून फोन करतात. घाबरू नका, शंभरातले चार योग्य आकाराचे असले तरी चालतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेल्या या खालच्या मर्यादा आहेत. आकडा यापेक्षा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. आणि एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची.

आता खरी गोष्ट. तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदारांना हे लगेच कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर जो घड दिसतो, तो ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत जे घडलं, तेच पुढं बाहेर येतं. शुक्राणूंचंही तसंच आहे. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, वर पक्का व्हायला आणखी थोडे. म्हणजे आज तपासलेला काउंट तुमच्या मागच्या तीन महिन्यांचा हिशोब आहे. डेंग्यूचा कडक ताप येऊन गेला असेल तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत रिपोर्ट खराब येऊ शकतो. आणि तंबाखू आठ दिवस सोडून तपासणी केली, तर त्यात फरक दिसणार नाही.

तंबाखूचं बोलायचं तर, "मी सिगारेट ओढत नाही" असं सांगणाऱ्याच्याच खिशात माव्याची पुडी असते. मळून खाल्लेली तंबाखूसुद्धा रक्तात उतरते. ती जास्त चघळणाऱ्यांत काउंट आणि हालचाल दोन्ही कमी असल्याचं आपल्याच देशातल्या अभ्यासांत दिसलंय.

यापुढचं जिमला जाणाऱ्या पोरांनी नीट ऐका. बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली की मेंदूला वाटतं, माल बाहेरून येतोय. मग तो वृषणांना काम करा म्हणून सांगणारी हार्मोन्स सोडायचंच थांबवतो. दंड भरतात, आत शुक्राणू बनणं बंद होतं. काउंट पार शून्यावरही जाऊ शकतो, वृषणं लहान होतात. चोवीस-पंचवीसचा, दिसायला पैलवान गडी आणि रिपोर्टमध्ये एकही शुक्राणू नाही, ही वेळ कुणावर येऊ नये. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आणि "मूल होत नाही, ताकद कमी आहे" म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉन टोचत असेल तर ते अगदी उलटं काम करतंय. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना घेतलेलं प्रत्येक इंजेक्शन सांगा, अगदी लाज वाटली तरी.

बागेत औषध मारणाऱ्यांसाठी एक जुनी घटना सांगतो. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात सूत्रकृमींवरचं डीबीसीपी नावाचं औषध बनायचं. आपल्याला मुलं होत नाहीत, हे कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं. तपासलं तर अनेकांचा काउंट शून्य किंवा अगदी कमी. आज आपण मारतो ती औषधं वेगळी आहेत. पण औषध कातडीतूनही अंगात जातं, हे तेवढंच खरं. डाउनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं रोज फवारणी चालू असते आणि गडी बॅरलमध्ये उघड्या हातानं ढवळत असतो. हातमोजे घाला, मास्क लावा, घरी आल्या आल्या अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा.

वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. म्हणून साखर कारखान्याच्या बॉयलरवर किंवा गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं काम असेल तर मधेमधे बाजूला व्हा. लॅपटॉप टेबलावर ठेवा. सुटलेलं पोट, रोजची दारू, अर्धवट झोप यांनीही हार्मोन्स बिघडतात. पण सगळंच सवयींवर ढकलू नका. वृषणाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे काउंट कमी असण्याचं नेहमी सापडणारं कारण आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यामुळं सवयी सुधारता सुधारता डॉक्टरांनाही दाखवा. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नसतील तर थांबू नका, आणि बायको पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिनेच बघा.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या, वेगळी खोली असते. घरून आणायचाच असेल तर लॅबनं दिलेल्या डबीत, शर्टाच्या आत अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोचवा. साध्या कंडोममधून आणू नका, त्यानं शुक्राणू मरू शकतात. आणि सुरुवातीचा थोडा भाग जरी सांडला, तरी काउंटरवर सांगा. सगळ्यांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या थेंबांतच असतात.