रापण आणि कपाळ

मंडळी, आज बोलायचंय भुवया वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. आधी चार बोटं कपाळावर टेकवा आणि वर-खाली करा. बोटं घसरू देऊ नका, कातडीच हलली पाहिजे. हलते ना? ती एकटी हलत नाही. कातडी, तिच्याखालचा रक्तवाहिन्यांनी भरलेला घट्ट थर, आणि गेलिया नावाच्या चिवट पडद्यात गुंडाळलेला कपाळाचा स्नायू, हे तिघे एकमेकांना धरून सरकतात. त्यांच्याखाली एक मऊ, भुसभुशीत थर आहे. घसरण होते ती तिथे. त्याच्याही खाली हाडाला चिकटलेलं आवरण.

हा भुसभुशीत थर मला शिकवला तो एका नारळाने. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, झाडावर काम करत असताना खाली उभ्या असलेल्या एका माणसाच्या टाळूवर नारळ पडला. जखम लहान, पण रक्त भळाभळा, कारण तो घट्ट थर कापलेल्या वाहिन्यांना मिटू देत नाही. टाके घालून घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी हजर, दोन्ही डोळे काळेनिळे. बायको संशयाने बघतेय आणि हा म्हणतो, “माका कोणी मारूक नाय ओ, नारळ पडलो!” खरंच बोलत होता. गेलियाखाली साचलेलं रक्त मागे जाऊ शकत नाही, तिथे स्नायू हाडाला धरून आहे; कानांच्या वरही वाट बंद. पुढे मात्र कपाळाचा स्नायू हाडाला कुठेच चिकटत नाही, तो भुवईच्या कातडीत जाऊन संपतो. मग रक्त उतरतं ते थेट पापण्यांत.

त्या घट्ट थरातल्या रक्तावर जगणाऱ्या कातडीने नाकंही घडवली आहेत. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत कापलेलं त्याचं नाक पुण्याकडे कपाळाच्या कातडीतून पुन्हा केलं होतं.

आता भुवया वर उचलण्याची शस्त्रक्रिया. लोकांना वाटतं, कातडी ताणायची आणि शिवायची. तसं केलं तर काही महिन्यांत कपाळ मूळपदावर, आणि वर रुंद झालेला व्रण. कातडी ताणून धरली की काही मिनिटांतच तिच्यातला ताण उतरू लागतो. भार कायम ठेवला तर ती हळूहळू लांबत जाते. तिच्यावर ओझं टाकणंच चूक.

तुम्ही मालवणचे, तुम्हाला रापण, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, सांगायला नको. दोन्ही दोरांवर माणसं, ओढ जोरात, आणि जाळं हलत नाही. अनुभवी माणूस आणखी चार माणसं बोलावत नाही; जाळं खाली खडकात कुठे अडकलंय ते बघतो. कपाळात तो खडक आहे डोळ्याच्या खोबणीची वरची कड. हाडाचं आवरण तिथे पक्कं धरलेलं असतं. ते त्या कडेला मोकळं केलं की सगळा पडदा एका बोटाने वर येतो. मग त्याला वर हाडाशी अडकवून ठेवायचं, आवरण पुन्हा चिकटेपर्यंत काही आठवडे. कातडीचे टाके अगदी सैल.

मोकळं करताना भीती एका चेतातंतूची. त्याच कडेवर बोट फिरवा, नाकाकडच्या बाजूला एक छोटी खाच लागेल, बहुतेकांना लागते. तिथून तो बाहेर पडतो. त्याची खोल फांदी हाडाला लगटून टाळूकडे जाते. पूर्वी या कानापासून त्या कानापर्यंत चीर देत, त्यात ती तुटायची आणि मागची टाळू बधिर व्हायची. १९९०च्या दशकात दुर्बिणीने हे काम केसांमागच्या तीन-चार लहान छेदांतून होऊ लागलं.

पहिल्या रांगेतल्या काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: “भुवया ठीक आहेत, पापण्या तेवढ्या लोंबतात. पापण्यांचंच करू का?” काकू, डोळे मिटा, कपाळ सैल सोडा. आता मी कपाळावर हात दाबून धरतो, तुम्ही डोळे उघडा. बघा, भुवया किती खाली आहेत! पापणी जड म्हणून तुमचा कपाळाचा स्नायू दिवसभर त्या उचलून धरतोय. पापणीचं ओझं काढलं की तो सुटीवर जाईल आणि भुवया याच जागी येऊन बसतील.