एनपीए घटला, पण फाउंड्रीवाल्याचं काय?

पुढं येऊन बसा की, खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय मोठ्या नावाचा आहे, बँकांची वित्तीय पुनर्रचना, म्हणजे थकलेली कर्जं आणि कमी पडलेलं भांडवल यांची घडी परत बसवणं, पण मी ब्रँचमधला माणूस, त्यामुळं टेबलावरनं जे दिसलं तेच सांगणार.

2008 नंतर काय झालं बघा, मोठमोठ्या कंपन्यांची कर्जं थकायला लागली की हप्ते पुढं ढकलायचे, मुदत वाढवायची आणि खातं चांगलंच म्हणून दाखवायचं. याला पण पुनर्रचनाच म्हणत होते, आणि माझं स्पष्ट मत आहे, याच प्रकारानं बँका आतनं पोखरल्या. 2015 ला रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेनं कर्जांची कसून तपासणी लावली तेव्हा खरं बाहेर पडलं, आणि मार्च 2018 ला सरकारी बँकांचा ग्रॉस एनपीए, म्हणजे एकूण कर्जातला थकलेल्या कर्जांचा वाटा, 14 टक्क्यांच्या वर गेला.

आता हे आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांपर्यंत कसं पोचतं? कर्ज बुडीत धरलं की नफ्यातनं तेवढी रक्कम बाजूला काढायची, म्हणजे तरतूद करायची, नफा पुरला नाही की तो तोटा भांडवलातनं जातो, आणि भांडवल कमी झालं की नवीन कर्ज द्यायला हात बांधलेले. त्याच काळात एक फाउंड्रीवाला, म्हणजे धातूचं ओतकाम करणारा कारखानदार, माझ्यासमोर येऊन बसला, टेबलावर पंपाचं कास्टिंग ठेवलं, वाळूचे कण अजून चिकटलेले, म्हणाला, "साहेब, ऑर्डर हातात आहे ओ, माझा एक तरी हप्ता चुकलेला दाखवा." एकही चुकलेला नव्हता. तरी वरनं कर्जाची लिमिट वाढवून मिळाली नाही. ते मला आजही लागतं.

मग ऑक्टोबर 2017 मध्ये सरकारनं दोन वर्षांत 2.11 लाख कोटींचं भांडवल घालायचं जाहीर केलं, त्यातले 1.35 लाख कोटी रोख्यांतनं. बँकेनं ठेवीतल्या पैशानं सरकारचे रोखे घ्यायचे आणि सरकारनं त्याच पैशानं बँकेचे शेअर घ्यायचे, असा तो व्यवहार. उपयोग झाला, नाही म्हणणार नाही. बँक ऑफ महाराष्ट्र बघा, जून 2017 ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले, त्या वर्षी हजार कोटींच्या वर तोटा, जानेवारी 2019 ला निर्बंध उठले आणि 2024-25 ला साडेपाच हजार कोटींच्या आसपास नफा. बचत आणि चालू खात्यातल्या स्वस्त ठेवी भरपूर होत्या, त्यांनी तिला तारलं.

पण एनपीए घटला म्हणजे सगळी वसुली झाली असं धरू नका, बरंचसं कर्ज राइट ऑफ करून पुस्तकातनं काढलंय. ती माफी नव्हे, वसुली चालूच राहते, पण मोठ्या खात्यांतनं हाती फार थोडं येतं.

विलीनीकरणाचं थोडक्यात सांगतो. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, मे 2025 ला धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक नव्या कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली, मुख्यालय बल्लारीला. खर्च वाचतो, मान्य, पण आमच्या भागाची अडचण वेगळीच आहे. शेतकऱ्याची अर्धी जमीन महाराष्ट्रातल्या चंदगडकडं, तिचा सातबारा मराठीत, अर्धी बेळगाव तालुक्यात, तिचा उतारा कन्नडमध्ये, आणि दोन्ही वाचणारा ऑफिसर बदलून गेला की फाइल फिरतच राहते. गेल्या आठवड्यात असाच एक शेतकरी तिसऱ्यांदा परत आलेली फाइल घेऊन माझ्या घरी आला. मी रिटायर माणूस, सही माझी चालत नाही, पण दोन्ही उतारे पसरून गट नंबर आणि सर्व्हे नंबर एका कागदावर मांडून दिले. सोमवारी तो परत ब्रँचला गेलाय.