ट्रक चालले रेल्वेने: रोरोच्या मागे एक दिवस

[कोलाड. सकाळ, धुकं, हेडलाइट लावलेली ट्रकची रांग]

हा समोरचा ट्रक रुळावर चढतोय तो रस्ता चुकून नाही. त्याला गोव्याला जायचंय आणि तिथपर्यंत त्याचा ड्रायव्हर स्टीअरिंगला हातसुद्धा लावणार नाहीये.

रायगड जिल्ह्यातलं कोलाड. बहुतेक लोक इथे कुंडलिकेत राफ्टिंग करायला येतात, आम्ही चौघं मालगाडी बघायला आलोय. पहाटे चारला पनवेल सोडलं, थर्मासमधला चहा वडखळपर्यंतच संपला, आणि त्यानंतर हायवेने आमची जी हाडं खिळखिळी केली त्याचं शूटिंग नाही कारण कॅमेरा धरायला हातच मोकळे नव्हते. 2011 पासून या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, एवढं सांगितलं तरी कोकणातल्या माणसाला पुरे.

तर रोरो. रोल ऑन रोल ऑफ. भरलेला ट्रक जसाच्या तसा सपाट वॅगनवर चढवायचा, इथून गोव्यातल्या वेर्ण्याला नाहीतर थेट कर्नाटकातल्या सुरतकलला न्यायचा आणि तिथे उतरवायचा. कोकण रेल्वेने 1999 मध्ये हे सुरू केलं, म्हणजे पूर्ण लाइन सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. फोटो काढायला म्हणून दहा वर्षं रेल्वेच्या मागे फिरतोय आम्ही, पण सगळे धावतात वंदे भारत नाहीतर तेजसच्या मागे, मालगाडी आली की कॅमेरा खाली. आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे, त्याला आम्ही वहीवाला म्हणतो, तो प्रत्येक इंजिनाचा नंबर आणि शेड, म्हणजे ते कुठल्या डेपोचं आहे, ते वहीत लिहून ठेवतो, हा अख्खा दिवस त्याच्याच डोक्यातून निघाला.

[वजनकाटा, मग लोखंडी कमान]

आता हे नीट बघा, कारण हे फारसं कोणी दाखवत नाही. आधी वजनकाटा. मग ही कमान. ट्रक हिच्याखालून न घासता गेला पाहिजे, तरच तो पुढे बोगद्यातून जाईल. ताडपत्री जरा वर आलेली असली तरी माणूस थांबवतो, ड्रायव्हर खाली उतरतो, दोरी सोडतो, परत आवळतो, परत कमानीखाली, मागचे हॉर्न वाजवत बसतात. कोकण रेल्वेवर 91 बोगदे आहेत, सगळ्यांची लांबी मिळून 84 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे इथे दोन बोटांची सूट मिळत नाही.

मग चढवणं. रेकच्या, म्हणजे जोडलेल्या वॅगनच्या अख्ख्या रांगेच्या, एका टोकाला रॅम्प आहे. पहिला ट्रक त्यावरून चढतो आणि वॅगनमागून वॅगन ओलांडत पार पुढच्या टोकापर्यंत जातो. दोन वॅगनच्या मधे लोखंडी पट्ट्या टाकलेल्या असतात, चाक गेलं की धडाम, परत धडाम, आणि हा आवाज ऐकू यावा म्हणून आम्ही इथे म्युझिक लावलेलं नाही. दोन्ही बाजूंना जागा बघा केवढी आहे, वीतभर असेल नसेल. क्लीनर पुढे उलटा चालतोय, हात हलवतोय, "आन दे, आन दे, बास!" आणि हा ड्रायव्हर बघा, आरशात न बघता दारातून अर्धा बाहेर लटकून चालवतोय. एक लागला की दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. जागेवर आला की हँडब्रेक, चाकांना पुढून मागून ठोकळे, साखळ्या, मग एक माणूस येऊन प्रत्येक ठोकळ्याला हातोडी मारून बघतो. आम्ही दोन तास हेच शूट करत होतो, एडिटिंगला बसलो तेव्हा मित्र म्हणाला कमी कर रे, मी नाही केलं.

ड्रायव्हर आणि क्लीनर ट्रकमध्येच बसून जातात. एका भाऊंना विचारलं, कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, "पाठ टेकायला मिळते, अजून काय पाहिजे." हे बोलताना ते चटई झटकत होते. फक्त टपावर चढायचं नाही, वर तारेत 25 हजार व्होल्ट आहेत. 2022 मध्ये ही लाइन पूर्ण इलेक्ट्रिक झाली, डिझेलचा धूर गेला, आणि खरं सांगायचं तर फोटोवाल्यांना त्या धुराची आठवण येते, वहीवाल्याला तर फारच.

एका रेकमधले ट्रक म्हणजे तेवढे ट्रक हायवेवर नाहीत, डिझेल वाचतं, टायर वाचतात, वळणावर समोरून अंगावर येणारा एक कंटेनर कमी होतो, असं सगळं आहे. चला, गाडी सुटतेय.

[गाडी कोलाड सोडते, हिरवं इंजिन]

डब्ल्यूएजी-9, मालगाडीचं इलेक्ट्रिक इंजिन. सहा हजारांवर हॉर्सपॉवर. कसारा घाटात 1 ला 37 चा चढ आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे सह्याद्री बाजूलाच उभा असूनही सगळ्या लाइनवर 1 ला 150 च्या वर चढ ठेवलेला नाही, म्हणून तर एवढे बोगदे, एवढे उंच पूल. डोंगराला वळसा घालून वर चढत बसण्यापेक्षा त्याच्या पोटातून सरळ जायचं, हे 1990 च्या दशकात ठरवलं आणि त्याचा फायदा आज या ट्रकवाल्यांना होतोय.

आता आमची पळापळ. मालगाडीचं टाइमटेबल आपल्याला कुठल्याच ॲपवर दिसत नाही. एक्सप्रेस कुठे पोचली ते दिसतं, त्यावरून अंदाज बांधायचा की आपली गाडी कुठे बाजूला घेतील. रोहा ते वीर आता डबल लाइन आहे, वीरच्या पुढे सिंगल. म्हणजे गाडी अडकणार ती वीरच्या पुढेच. वहीवाला म्हणाला करंजाडी, आम्ही म्हटलं बघू, आणि करंजाडीलाच सापडली की हो, लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनवर, उभी!

[करंजाडी. लूप लाइन, ट्रकच्या आरशाला वाळत घातलेला शर्ट]

हा माझा दिवसभरातला सगळ्यात आवडता शॉट. आरशाला शर्ट, बंपरवर बसून एकजण दाढी करतोय, खाली वॅगनवर ट्रकच्याच सावलीत दोघं पत्ते खेळतायत. मागून मांडवी एक्सप्रेस येऊन पुढे गेली, मग समोरून एक पॅसेंजर, आणि हे आपले निवांत. सिंगल लाइनवर मालगाडीचा नंबर शेवटी लागतो, सव्वा तास उभी होती. आम्ही फाटकाजवळच्या रस्त्यावरून झूम लावून काढलं हे, रुळावर उतरलो नाही. रुळावर घुसणाऱ्यांसाठी रेल्वे कायद्यात कलम 147 आहे आणि ते सोडलं तरी, रील्ससाठी रुळात उभी राहणारी पोरं बघितली की डोकं सटकतं.

तिथे एक आज्जी शेळ्या घेऊन आल्या. "गाडी काय पयल्यांदा बघताव?" म्हणाल्या. आम्ही हसलो, काय सांगणार!

[विन्हेरेच्या वाटेवर, पिवळं पडत चाललेलं गवत]

महाडकडून विन्हेऱ्यावरून नातूनगरला जाणारा रस्ता, वळणं वळणं आणि एकही ट्रक नाही. खाली नातूवाडीचा बोगदा आहे, चार किलोमीटरच्या वर. याच भागात, विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या मधे, 14 जुलै 2024 ला रुळावर दरड आली आणि सगळी वाहतूक बंद पडली. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, डोंगर शांत होता, म्हणून तुम्हाला गवतच दिसतंय.

23 ऑगस्ट 2025 पासून याच कोलाडवरून गणपतीसाठी कार नेणारी रोरोसुद्धा निघाली, कोलाड ते वेर्णा, एका फेरीला 40 गाड्या बसतील अशी, एका कारला 7,875 रुपये. लोकांना ते महाग वाटलं. वाटणारच, पण एकदा त्या हायवेवरचा तुमचा वेळ आणि कंबरेच्या बेल्टचा खर्च पण मोजा की.

[संध्याकाळचं ऊन, वळणावर पूर्ण गाडी]

आणि हा तो फोटो ज्याच्यासाठी दीड तास करवंदीच्या जाळीत बसलो. पुढचं इंजिन आणि मागचा गार्डचा डबा एकाच फ्रेममध्ये, मधे सगळे ट्रक, निळे, लाल, पिवळे, एकाच्या मागे "फिर मिलेंगे". मित्राने ऐन वेळी बर्स्ट मोड लावलाच नव्हता, कारण तो गार्डला हात करत होता. गार्डनेही केला, ते आलंय बघा कोपऱ्यात.

जाता जाता ट्रक मोजले. वहीत 41 लिहिलंय, मी मोजले 42, यावरून पेणपर्यंत भांडण. घरी येऊन फुटेज थांबवत थांबवत बघितलं, तर एका मोठ्या कंटेनरच्या मागे छोटासा टेम्पो उभा होता. वहीवाला म्हणतो टेम्पो म्हणजे ट्रक नव्हे.