तिच्या कुशीकडं बघा

तिच्या कुशीकडं बघा. भात्यासारखी वरखाली होतेय. मान पुढं ताणलेली, नाकपुड्या फेंदारलेल्या, गळ्याखाली गरम सूज. उदगीर भागातला हा गोठा, ही देवणी गाय. मृगाचा पाऊस पडून चारच दिवस झालेत.

"रातीपासून वैरणीला तोंड लावलं नाही बघा, डॉक्टर."

डॉक्टर काही न बोलता कुशीवर नजर ठेवून श्वास मोजतात. सावलीत निवांत उभ्या गाईचा श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. हिचा ६० च्या वर गेलाय. ताप १०६; एरवी १०१-१०२ असतो.

लक्षणं घटसर्पाची. कुणी गळसुजी म्हणतं. पाश्चुरेला नावाचा जिवाणू पावसाळ्याच्या तोंडावर, जनावर थकलेलं असताना उचल खातो. म्हशींना तर तो जास्तच छळतो. एका दिवसात जनावर हातचं जाऊ शकतं, म्हणून इथं तास मोजायचे असतात.

पहिली सुई शिरेतून. सल्फाडिमिडीन हे जिवाणूविरोधी औषध असं दिलं की थेट रक्तात जातं. कधी ऑक्सिटेट्रासायक्लिन, कधी सेफ्टिओफर. ते डॉक्टर ठरवतात, गाईच्या वजनावर आणि पोटात वासरू आहे का ते बघून. जोडीला ताप आणि सूज उतरवायला मेलॉक्सिकॅम. याच कामाला पूर्वी डायक्लोफेनॅक सर्रास टोचायचे. ती सुई दिलेली ढोरं मेल्यावर खाऊन गिधाडं संपत चालली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

आता कोपऱ्यातलं ते बांबूचं नळकांडं. हळद, गूळ, गोडेतेल. पिढ्यान्‌पिढ्या मायेनंच पाजलेलं. पण धाप लागलेल्या गाईची जीभ ओढून, तोंड वर करून काढा ओतला, तर तिला धड गिळता येत नाही. घोट श्वासनळीत उतरतो, तिथून फुप्फुसात. तेल एकदा तिथं गेलं की कुठल्याही सुईनं बाहेर निघत नाही. आजारातून वाचली असती अशी गाय या न्युमोनियानं जाते, आणि पाजणाऱ्याला ते कधी कळतही नाही. हे सांगताना जीव तुटतो, पण सांगितलंच पाहिजे. धाप असेल तर तोंडावाटे काही पाजू नका. गाय सावलीत, वाऱ्याला बांधा आणि १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

शेजारचा बैल एव्हाना दुसऱ्या दावणीला गेलाय. घटसर्पाची लस मे महिन्यातच, पावसाच्या आधी टोचायची असते. या गोठ्यात यंदा ती राहून गेली.

दुसरा दिवस. कुस संथ झालीय. गाय हिरव्या चाऱ्याकडं मान वळवते.

"आता बरी दिसती. सुई बंद करावी का?"

"नाही मावशी. सांगितलेले सगळे दिवस सुई द्यायची. मधेच सोडली तर उरलेला जिवाणू पुन्हा डोकं काढतो. आणि मी सांगेपर्यंत हिचं दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही घ्यायचं नाही."

मावशी मान डोलावतात. डॉक्टर पुन्हा थर्मामीटर झटकतात.