डिस्क उडायच्या आधी चिठ्ठी चिकटवा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘लिनक्स रेडमधली बिघडलेली डिस्क बदलणे’. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं. ते बदलणं सांगणारच आहे, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या.

आपल्या सांगलीत हळदीच्या अडतीत जा, दवाखान्यात जा, सीएच्या ऑफिसात जा, तिथला सर्व्हर उघडा. आत दोन डिस्क: कंपनी एक, साइज एक, एकाच बिलावर घेतलेल्या. लिनक्स म्हणतो, एसडीबी नावाची डिस्क गेली. यातली एसडीबी कुठली? वरची ए आणि खालची बी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. बरेच आहात की! त्यांनी उद्यापासून कॅबिनेट उघडायचं नाही. ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतील तशी पडतात. रिबूट झालं की एसडीबीची एसडीए होऊ शकते. आणि रेड-1 मधली, म्हणजे दोन्हीवर एकच माल असलेल्या जोडीतली, चांगली डिस्क उपटलीत, तर मशीनमध्ये राहते ती मेलेली.

म्हणून आज सगळं धडधाकट असताना डिस्कची माहिती दाखवणारी स्मार्टसीटीएल डॅश आय ही कमांड चालवा आणि सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे-अक्षरं टेपवर लिहून चिकटवा. कुठे? केबल लागते त्या बाजूला. कंपनीचं लेबल वरच्या अंगाला असतं, डिस्क ट्रेमध्ये बसली की ते दिसतच नाही. चिठ्ठी नसेल आणि डिस्क पार मेली असेल, तर ती नंबर सांगत नाही. मग जिवंत डिस्कचे नंबर काढायचे. त्यात नसेल ती मेलेली.

आणखी एक. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला, 199 क्रमांकाचा आकडा (केबलवरून येता-जाता झालेल्या चुका) वाढतोय, पण 5 आणि 197 (खराब आणि संशयित सेक्टर) शून्यावर आहेत? मग आधी साटा केबल बदला. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे, डिस्कचं बिल कशाला फाडता? आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे 2019 चा महापूर बघितलेल्या गावाला मी काय सांगू! कृष्णेचं पाणी दोन्ही डिस्कना एकदमच भिजवतं.

पाच मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, डिस्क बदलू.

प्रोकमधलं एमडीस्टॅट, म्हणजे रेडची हालत सांगणारी फाइल, बघा: दोन ‘यू’च्या जागी एक ‘यू’ आणि एक अंडरस्कोर दिसेल. आधी बॅकअप. मग एमडीएडीएमने, म्हणजे रेड सांभाळणाऱ्या कमांडने, त्या डिस्कचं पार्टिशन (डिस्कचा एक भाग) फेल करा, रिमूव्ह करा. एमडी-झिरो, एमडी-वन असे जितके अॅरे (रेडचे जोडलेले संच), तितक्या वेळा. मशीन बंद करून डिस्क बदला. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. दुसऱ्या कंपनीची घेताना सेक्टरची संख्या ताडून बघा.

चालू केल्यावर नावं पुन्हा तपासा. पार्टिशनचा तक्ता जीपीटी प्रकारचा असेल तर तो नवीवर उतरवायला एसजीडिस्क कॅपिटल आर, आधी नवी डिस्क, मग जुनी, म्हणजे शिल्लक राहिलेली चांगली. इथे उलटं झालं की नवीचा कोरा तक्ता चांगल्या डिस्कवर बसतो. मग कॅपिटल जी, म्हणजे दोघींचे ओळख-क्रमांक वेगळे होतात. मग एमडीएडीएमने नवीची पार्टिशनं अॅड. रिबिल्ड, म्हणजे चांगल्या डिस्कवरून नवीवर माल उतरणं, सुरू. 4 टीबीला सेकंदाला 150 एमबीच्या वेगाने साडेसात तास धरा, दुकान चालू असेल तर जास्तच. तेवढा वेळ माल एकाच डिस्कवर असतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासा.

मशीन सुरू करणारं जुनं बायॉस असेल तर नव्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल, म्हणजे लिनक्स बूट करणारा प्रोग्राम बसवायचा. बायॉसऐवजी नवं यूईएफआय असेल तर बूटच्या फाइलींचं ईएफआय पार्टिशन सहसा रेडच्या बाहेर असतं, नव्या डिस्कवरचं ते फॉरमॅट करून त्यात चांगल्या डिस्कवरच्या फाइली हाताने कॉपी करायच्या. हे राहिलं तर पुढच्या वेळी दुसरी डिस्क जाईल तेव्हा डेटा शाबूत असेल आणि मशीन बूट होणार नाही. हां, विचारा प्रश्न.