असईचे गोलंदाज

श्रोतेहो, नमस्कार.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई नावाचे एक लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच गावाच्या शिवारात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचे पारडे फिरले. दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने तैनाती फौज पत्करली, ती दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना मान्य नव्हती. यशवंतराव होळकर मात्र अलिप्त राहिले. एवढी पार्श्वभूमी पुरे, कारण मला आज बोलायचे आहे ते दरबारांविषयी नव्हे, तर शिंद्यांच्या तोफांमागे उभ्या असलेल्या माणसांविषयी, म्हणजेच तोफा डागणाऱ्या गोलंदाजांविषयी.

केळणेच्या काठी शिंदे-भोसल्यांचा तळ पसरला होता. त्यात अफाट घोडदळ, सुमारे १० हजार कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून उभारून घेतलेल्या कंपूंची, म्हणजे कवायती पलटणींची, ही परंपरा असून, त्या दिवशी पायदळाचे नेतृत्व पोलमान या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. इंग्रजांचा सेनापती जनरल वेलस्ली याच्यापाशी लढाईत उतरवण्याजोगे जेमतेम साडेचार हजार शिपाई होते आणि कर्नल स्टीव्हन्सनची फौज दुसऱ्या दिवशी येऊन मिळायची होती. तरीही तो थांबला नाही. नदी ओलांडण्याजोगा उतार कुठेच नाही, असे वाटाडे सांगत असताना त्याला पिंपळगाव आणि वरूड ही गावे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दिसली, आणि अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, हे त्याने ताडले. सैन्य तिथूनच पार झाले.

पोलमानने आपली सारी फळी काटकोनात वळवून तोंड पूर्वेकडे केले. शत्रूच्या डोळ्यांदेखत इतक्या पलटणी आणि तोफा नव्या रेषेत मांडणे हे कच्च्या शिपायांचे काम नव्हे. त्यानंतर जो मारा झाला, त्यात इंग्रजांचे तोफा ओढणारे बैलही कोसळले. चुकून थेट असई गावाच्या रोखाने गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तर जवळजवळ कापली गेली.

अखेर इंग्रजांच्या संगिनी तोफांपर्यंत पोहोचल्या. गोलंदाज तोफेपाशीच पडले. पण त्यातले काही मेल्याचे सोंग घेऊन निपचित राहिले, आणि शत्रूची फळी पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला पुन्हा मागे वळून त्या जिंकाव्या लागल्या. या वेळी मराठ्यांचे घोडदळ बहुतांशी लढाईत उतरलेच नाही, आणि शिंदे व भोसले दोघेही रण सोडून निघून गेले होते. पराभवाचा दोष मी तिथे ठेवतो, तोफांपाशी नाही.

संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले होते, म्हणजे लढलेल्या तिघांमागे जवळपास एक. आणि माघार घेणाऱ्या मराठी फौजेचा पाठलाग करण्याइतके त्राण त्या रात्री विजेत्यांमध्ये उरले नव्हते.